पाटीवरचं कुंकू

मी पारोळ्याकडची, लग्न होऊन सुरतेत नवागामले आली, मालक कापडाच्या लूमवर अन् मी कचऱ्याच्या गाडीवर, काय सांगू तुम्हाले भाऊ, लोकांच्या खरकट्यात हात घालून दोन पोरी शिकवल्या, पन कधी कोनी मले खोटारडी म्हटलं नव्हतं. ते या मोबाईलनं म्हटलं.

झालं असं, म्युनसिपाल्टीनं दर घराच्या चौकटीवर एक छोटी पाटी ठोकली, काळ्या ठिपक्याठिपक्यांची, कचरा घेतला का मोबाईल तिच्यासमोर धरायचा, टुंग वाजतं अन् हापिसात ते घर हिरवं दिसतं, नाही वाजलं तर लाल. मले तर बरंच वाटलं, म्हटलं आपलं काम कोनाले दिसन तरी.

मंग आला दसरा. आपल्या खानदेशी बाया, चौकट धुतली, हळदीकुंकू लावलं, अन् पाटी चौकटीवरच ना, तिच्यावरबी बोटं ओढली, सगळ्या शेरीनं, म्हंजे आपल्या गल्लीनं, ओढली. दुसऱ्या दिवशी मी घरोघरचा कचरा उचलला, झेंडूच्या माळांसकट, पन मोबाईल काही वाचेना. पुसाले गेली तर एक म्हातारी अंगावर आली, सणाचं कुंकू पुसते का वं, हात झडो तुझा. तिचं काय चुकलं, मीबी अशीच चिडली असती.

पन ठेकेदाराचा सुपरवायजर, काल लागलेला, मले म्हने बेन, तू शेरीत गेलीच नाही. म्हटलं गाडीत पाहा, कचरा भरेल आहे. तो गाडीकडे पाहेच ना! मोबाईलच नाचवे तोंडापुढं, हे पाहा लाल, हे पाहा लाल, पुन्हा लाल झालं तर काढून टाकीन. अरे, गाडी तुझ्या पाठीशी उभी, तुझ्या नाकाले वास येत नाही का?

अन् गेल्या सोमवारी गाडीच बंद पडली. तर हाच म्हने, पायी जा, पाट्या तेवढ्या वाजवून ये, कचरा उद्या. म्हटलं, न घेता कशी वाजवू? म्हने, घरी बसायचंय का? मी गेली भाऊ. लाज सोडून गेली. कुंकू तोवर उडेल होतं, टुंग टुंग करत सगळी शेरी हिरवी झाली, अन् बाया डबे हातात धरून उभ्या. एक म्हने, काय वं माय, डबा घे ना. मी मान खाली घालून पुढं सरकली. हापिसात तो म्हने, शाब्बास बेन.

आग लागो त्या शाब्बासकीले. आता रोज त्याच दारांवर जाते, बाया डबा देतात, बोलत नाहीत. लिहा भाऊ हे, देव तुमचं भलं करो, पन माझं नाव टाकू नका, उद्या मले पुन्हा तोच मोबाईल हातात घ्यायचाय.