एकोणिसावं वचन

मोजा, मोजा, तुमचं चालू द्या, काका — फक्त त्या खिडकीजवळच्या दोन खुर्च्या हलवू नका. बाकीच्या दहा रचून ठेवल्यात तरी चालेल. कपाटं कुठल्या भिंतीला येणार? दोन्हींना? म्हणजे खोली गेलीच की. नाही हो, तुमच्यावर कशाला रागावू, चर्चच्या पाळकांनी बोलावलं म्हणून तुम्ही आलात. आणि त्यांनी तरी किती दिवस थांबायचं? परवा स्वतः येऊन म्हणाले, ताई, या गुरुवारी चारपर्यंत एक जरी माणूस आला तरी वर्ग चालू ठेवू, नाहीतर जुनी बाकं आणि पेट्या ठेवायला जागा हवीच आहे. किती वाजले? साडेतीन. तुम्ही आलात खरं, पण तुम्हाला कसं धरणार — तुम्ही टेप घेऊन आलात.

कसला वर्ग म्हणजे? बायबल अभ्यासाचा. त्यासाठीच तर परत आले मी. सहा वर्षं लांब राहिले, मूळ भाषा शिकले, आणि येताना वाटत होतं की एकेक वचन असं उघडून दाखवीन की लोक घरी जाताना उजेड घेऊन जातील. हसा, हसलात तरी चालेल. पहिल्या गुरुवारी अकरा जण आले होते, बारावी खुर्ची माझी — आणि मी एका क्रियापदावर पाऊण तास बोलले. एका आजोबांना डुलकी लागली, त्यांची काठी पडली, तेव्हा कुठे मी थांबले. दुसऱ्या खेपेला सात. तिसऱ्या खेपेला चार, त्यात मागच्या गल्लीतल्या मावशी. त्यांचा मुलगा घर सोडून गेलाय, दोन वर्षं झाली, फोन नाही की काही नाही. त्यांनी विचारलं, ताई, त्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत मुलगा घरी येतो, तसा माझा येईल ना? आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, मावशी, दृष्टान्ताचा असा अर्थ काढता येत नाही. वहीत बघत म्हणाले. त्या 'बरं' म्हणाल्या, पिशवी उचलली आणि गेल्या. माझं उत्तर चूक नव्हतं हो — परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

तेव्हापासून मी एकटीच. मग दोन खुर्च्या कशाला? बरोबर विचारलंत. म्हणजे विचारलं नाहीत, पण तिकडे दोनदा बघितलंत. आमच्या घरी वाचायची एक रीत होती — एक वचन बाबांचं, एक माझं. विषम आकड्यांच्या ओळी त्यांच्या, सम माझ्या. दुसऱ्याचं वचन आपण वाचायचं नाही. तो अडखळला, खोकला, पाणी प्यायला उठला, तरी थांबायचं. लहानपणी मी मुद्दाम गप्प बसायची, बाबा चिडतात का बघायला. कधी चिडले नाहीत. मी शिकायला गेल्यावर हेच दर रविवारी फोनवर. वाचून झालं की बाबा त्यांच्या बायबलमध्ये प्रत्येक वचनासमोर पेन्सिलीनं बारीक खूण करायचे. मग माझ्या परीक्षा आल्या, मग प्रबंध — मी म्हणाले, बाबा, पुढच्या रविवारी. ते म्हणाले, काही हरकत नाही, तुझी राखून ठेवतो. मला वाटलं, थट्टा करतायत. त्यानंतर किती पुढचे रविवार गेले माहितीय? चौदा महिने. बायबल शिकत होते ना मी, वेळ कुठे होता.

त्यांना शेवटचं बघायलाही पोचले नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तुझे बाबा अलीकडे जरा विसरायला लागले होते — रविवारी टेबलाशी बसून एक ओळ मोठ्यानं वाचायचे, मग गप्प, मग पुढची. काकूंना वाटलं, मधली ओळ हरवते त्यांची. मी बायबल उघडलं तर — इकडे या, दाखवते. ही बघा, इथपर्यंत प्रत्येक वचनासमोर खूण आहे. आणि इथून पुढे एक सोडून एक. पानंच्या पानं. माझी सगळी कोरी, राखून ठेवलेली.

ती मी भरत आले. दर गुरुवारी या खुर्चीत बसायचं, समोरची त्यांची. त्यांच्या वचनावर नुसती नजर ठेवायची, माझं मोठ्यानं वाचायचं आणि खूण करायची. आता इथे आलेय, त्याच उधळ्या मुलापाशी. त्यानं सगळं उडवलंय, उपाशी आहे, परत जायचं ठरवतो आणि बापाला काय सांगायचं ते मनात घोकतो. सतराव्यावर बाबांची खूण आहे. अठरावं माझं, ते झालं. एकोणिसावं त्यांचं — तिथे खूण नाही. तिथवर ते पोचलेच नाहीत. तीन गुरुवार मी इथेच अडकलेय. पाळकांना म्हटलं असतं तर त्यांनी वाचलं असतं — पण एवढं शिकून आलेली मी, त्यांना काय सांगणार, की मला विसावं वाचता येत नाही म्हणून?

काका, तुम्ही वाचाल? एवढंच, एकोणीस. चष्मा आहे ना? दांडीला दोरा बांधलाय — बाबांनी बघितलं असतं तर ओरडले असते, चष्म्याच्या दुकानात होते ते. बसा त्या खुर्चीत. हातांना भुसा असू दे. सावकाश वाचा, मी थांबते.

…

हं. बरोबर वाचलंत. 'तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही'पाशी थांबलात ना, तिथे थांबायचंच असतं.

आता माझं.

मुलगा अजून लांबच असतो, काका. घोकलेला एक शब्दही बोललेला नसतो. आणि म्हातारा बाप धावत सुटलेला असतो. या धावण्यावर मी चाळीस पानं लिहिली आहेत, त्या पहिल्या गुरुवारचा पाऊण तास याच्यावरच घालवला — आणि आजवर कधी मोठ्यानं वाचलं नव्हतं. पेन्सिल द्या जरा, तुमच्या कानावरची. एकोणिसासमोर खूण तुम्ही करा. जाड झाली तरी चालेल.

चार वाजले. नाही, पाळकांना सांगू नका एक माणूस आला होता म्हणून. दोन्ही भिंती मोजा, कपाटं होऊ द्या. या दोन खुर्च्या मात्र मी घेऊन चालले, मावशींकडे. त्या दार उघडतील की नाही कुणास ठाऊक. काय बोलणार? माहीत नाही. काही घोकलेलं नाही.

नको, नको, मी उचलते. तुम्ही तुमची भिंत बघा. दार तेवढं धरा.