बस्त्यातली जांभळी साडी

माझ्या लग्नातल्या साडीचं विचारताय ना, तर ऐका. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि इकडं चाकुरात दुष्काळ होता. आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, नव्या जिल्ह्याचं लई कौतुक, म्हणून बस्ता तिथंच बांधायला गेलो. दीक्षा घेतल्यापासून आम्हा बौद्धांच्यात नवरी पांढरी साडी नेसते. दुकानदारानं पांढऱ्या साड्यांचा ढीग मांडला आणि मी हळूच म्हटलं, "दादा, मला ती जांभळी पाहिजे."

दादांनी एक पांढरी साडी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "लोक म्हणतील, यांनी धम्म सोडला."

माझी माय चारचौघांत दादांपुढं कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "टँकर चार दिवसाला एकदा येतोय. पांढरी धुवायची कशात?"

"एकदाच नेसायची हाय. धुण्याचं कशाला काढतीस?"

माय साडीच्या काठावरून हात फिरवत राहिली. "माझ्या लग्नात बी पांढरीच होती. मला कुणी इचारलंच न्हाई. हिनं तोंडानं मागितली हाय, तर घेऊ द्या."

दादांनी चष्मा काढून पुसला. "तुला कोणती पाहिजे होती?"

"आता इचारून काय करता?"

"सांग की."

"हिरवी," माय म्हणाली आणि लाजली.

लग्नात माझ्या जांभळ्या साडीकडं कुणी फारसं बघितलंच नाही. सगळे हिरव्या साडीतल्या मायकडं बघत होते, आणि दादा येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "रंग मी पसंत केला."