लेबलावरच्या दोन रात्री

हुंगून बघ की ते बनियन, लाजतोस काय — सगळेच हुंगतात. आधी इकडे तिकडे बघतात, मग हळूच काखेकडची बाजू नाकाला लावतात आणि तोंड असं करतात की जणू दुकानात शिरताना शिंक आली होती. पण ते नवं आहे रे, नव्याला वास कुठनं येणार? वासच बघायचा तर हे घे, हे खुंटीवरचं. माझ्या नवऱ्याचं आहे. अकरा दिवस अंगावर होतं, कुंपणाची कामं चालली होती तेव्हा. — आला वास? नाही ना? मेरिनो मेंढीच्या लोकरीची हीच तर जादू. नवऱ्याला हुंगलं असतंस तर वेगळी गोष्ट, त्याच्यावर लोकर उगवत नाही. तू म्हटलं तर चालेल ना तुला? माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान दिसतोस. मी रोना. आणि हे अंगातलं काय — सुती? सुती टीशर्ट घालून तू खिंड ओलांडणार? एप्रिलमध्ये? इथे एप्रिल म्हणजे हिवाळ्याचं तोंड. वा. कुठल्या शहरातनं आलास ते विचारत नाही, उगाच त्या शहराचं नाव खराब व्हायचं. सुती कपडा एकदा भिजला की अंगावर ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात उभं राहिल्यासारखं. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. उन्हाळ्यात म्हणे थंडही ठेवते — कंपनीची माणसं सांगतात. मी काही मेंढीला विचारलेलं नाही.

ते काय वाचतोयस? लेबल होय. वाच, वाच, मोठ्यानं वाच. ‘दोन रात्री. उणे नऊ. एक माणूस. एक बनियन.’ — काय छान लिहिलंय नाही? प्रत्येक शब्दानंतर टिंब. ऑकलंडहून कंपनीची सास्किया नावाची एक मुलगी आली होती, तिनं लिहिलं. आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या हातचे चार चीज रोल खाल्ले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘रोना, ही गोष्ट जगाला कळायला हवी.’ जगाला! आणि खालचं चित्र बघ, माणूस कपारीत बसलाय आणि तीन मेंढरं त्याला बिलगून ऊब देतायत. ती मेंढरं स्वतःचा जीव वाचवायला कपारीत शिरली होती, आणि त्यातलं एक रात्रभर त्याच्या मोडक्या पायावर उभं होतं. मेरिनोला माया नसते रे, नुसती लोकर असते. माझ्या नवऱ्यात आणि त्यांच्यात — जाऊ दे.

खरं आहे का म्हणून विचारतोयस? सगळे विचारतात. हो, खरं आहे. तो माणूस म्हणजे माझा नवरा, इनिस. बनियन खरं, उणे नऊ खरं, आणि रात्री — दोन. दोनच होत्या. मोजून दोन.

अठरा वर्षं झाली. तेव्हा वरचं रान आमच्याकडे होतं, चार हजार मेंढरं. बर्फाच्या आधी सगळी खाली उतरवायची असतात, ती उतरवली, माणसं आपापल्या घरी गेली आणि मोजल्यावर साठ कमी भरली. साठ! चार हजारांतली साठ. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, असू देत, येतील नाहीतर मरतील. इनिसच्या डोळ्यासमोर प्रत्येकीचं तोंड. मंगळवारी सकाळी निघाला, एकटा, हातात काठी आणि बरोबर टिग — टिग म्हणजे कुत्री आमची. अंगात हेच बनियन, म्हणजे असलंच, तेव्हा लेबल नव्हतं. मी विणलेलं होतं असं सास्कियाला वाटलं आणि मी वाटू दिलं. मी आयुष्यात काही विणलेलं नाही.

बरं, तो निघाला तेव्हा आमचं — काय म्हणू — थोडं बोलणं झालं होतं. माझंच झालं होतं. तो कुठे बोलतो? तोवर सव्वीस वर्षं एका टेबलावर जेवलो होतो आम्ही, आणि त्याच्या तोंडून मी मेंढ्यांच्या खुरांबद्दल जेवढं ऐकलंय तेवढं कुठल्या जनावरांच्या डॉक्टरानं ऐकलं नसेल. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी आई गेली. इन्व्हरकार्गिलला अंत्यविधी होता, आणि हा आला नाही. का? तर लोकर कातरणारी टोळी त्याच दिवशी आली होती. ‘रोना, ते परत तीन आठवडे मिळणार नाहीत,’ म्हणाला. खरंच होतं ते, तीन आठवडे मिळाले नसते. आई तर काय, परत कधीच मिळणार नव्हती. मी एकटी गाडी चालवत गेले, एकटी परत आले, तर हा अंगणात उभा, आणि पहिलं वाक्य काय? ‘यंदा लोकर बारीक उतरलीय.’ हसतोयस? हस, हस. मीही हल्ली हसते.

तर त्या मंगळवारी मी त्याला सांगितलं. स्वयंपाकघरात, तो बुटाच्या नाड्या बांधत होता. म्हटलं, इनिस, मी बहिणीकडे जातेय, नेल्सनला, आणि परत येणार नाही. त्यानं दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. दोनदा गाठ मारली. उठला, दारात थांबला आणि म्हणाला, ‘संध्याकाळी येतो. मग बोलू.’ बस. गेला साठ मेंढरांच्या मागे.

दुपारी वारा फिरला. आमच्याकडे बर्फ दक्षिणेकडनं येतो, आणि येतो तेव्हा सांगून येत नाही. चारला दिसेनासं झालं. संध्याकाळ झाली, इनिस नाही. आता कुठल्याही बायकोनं काय केलं असतं? फोन उचलला असता. मी काय केलं? मी वाफाळतं मटण वाढून घेतलं. म्हटलं, हा डोंगरावरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलाय. तिथे चूल आहे, लाकडं आहेत, डबाबंद बीन्स आहेत. खाली यायचं म्हणजे बायकोशी बोलावं लागणार, त्यापेक्षा बीन्स बरे! बसू दे म्हटलं. मग बॅग काढली, भरली आणि झोपले. आणि झोप — सांगायला नको खरं — झोप अगदी छान लागली. कित्येक महिन्यांनी.

हा तेव्हा कपारीत होता. ओढा ओलांडताना पाय घसरला, नडगीचं हाड मोडलं, पाण्यात पडला, जाकीट प्रवाहात गेलं. नखशिखांत भिजलेला, अंगात फक्त बनियन, तसाच कोपरांवर सरपटत कपारीपर्यंत गेला. म्हणून लेबल खोटं नाही. डॉक्टर म्हणाला, दुसरा कुठला कपडा असता तर सकाळ बघितली नसती. आता तरी ते सुती बदलशील ना?

बुधवारी — ऐक, हे लेबलावर नाही — बुधवारी सकाळी फाटकापर्यंत बर्फ. मग अकराच्या सुमारास आभाळ उघडलं. असं निळं की डोळे दुखावेत. चार-पाच तास उघडं होतं. आणि दुपारी बाराला रावीरीचा फोन आला. रावीरी म्हणजे शेजारी, आमच्या भागात कोणी डोंगरात हरवलं की शोधायला जाणाऱ्यांचा म्होरक्या तोच. म्हणाला, ‘रोना, सगळं ठीक ना? इनिस घरी आहे ना? हेलिकॉप्टरवाला रिकामा आहे, कोणाला हवं असेल तर आत्ता सांगा, चारला परत झाकोळणार आहे.’ आणि मी म्हटलं — या तोंडानं — ‘इनिस वरच्या खोलीत आहे. मजेत आहे.’ मजेत! मी बघितलं होतं का? नाही. मला ठाऊक होतं का? नाही. पण मला राग आला होता ना. मला वाटलं, मी माणसं पाठवली की हा दाढी खाजवत खोलीतनं बाहेर येणार, सगळ्यांसमोर माझं हसं होणार, आणि मग मी कशी जाणार? काळजीनं हेलिकॉप्टर पाठवणारी बाई दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघाली तर लोक काय म्हणतील? हा हिशेब करत होते मी.

संध्याकाळी टिग आली. एकटीच. पोटाखालच्या केसांत बर्फाचे गोळे लोंबत होते, पंजे फुटलेले. दारात बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. भुंकली नाही. तेव्हा फोन केला. पण तोवर आभाळ खाली आलं होतं, अंधार झालेला, वर जाणं शक्यच नव्हतं. रावीरी सहा माणसं घेऊन गुरुवारी पहाटे निघाला, मांडीएवढ्या बर्फातनं. टिगच पुढे. फुटक्या पंजांनी परत गेली ती. अकराला सापडला. डाव्या पायाची चार बोटं गेली, उजवा पाय अजून वाकत नाही. बोटं दुसऱ्या रात्री गेली असं डॉक्टर म्हणाला. सहज म्हणाला, तू आत्ता खिंडीचा रस्ता विचारलास ना, तसा. ‘पहिल्या रात्रीनंतर सापडले असते तर वाचली असती.’

मग दवाखान्यात पोलिसांचा माणूस आला, कागद भरायला. मी दारात उभी होते, हातात त्याचा पायजमा. मनात म्हटलं, आलं आता. रावीरीही होता तिथे, भिंतीला टेकून, माझ्याकडे न बघता. पोलिसानं विचारलं, ‘तुम्ही घरी कधी परतणार होता?’ इनिस जेलीच्या वाटीकडे बघत होता, हिरवी जेली, चमच्यावर राहत नव्हती. म्हणाला, ‘गुरुवारी. रोनाला सांगून गेलो होतो, वरच्या खोलीत राहीन, गुरुवारी येईन.’ पोलिसानं लिहून घेतलं. रावीरी म्हणाला, ‘हां, मग बरोबर.’ आणि टोपी घालून गेला.

समजलं ना तुला? खोटं बोलला. खोटं बोलता येत नाही त्या माणसाला — मेंढ्यांच्या बाजारात गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगतो, हिचा दात हलतोय म्हणून! तो माणूस कपारीत दोन रात्री पडून होता, हेलिकॉप्टर आलं नाही हे त्याला कळलं असणारच, निळं आभाळ त्यानंही बघितलं असणार. का आलं नाही हेही कळलं असणार. आणि तिथे पडल्या पडल्या त्यानं गुरुवार ठरवून ठेवला.

बॅग? बॅग पलंगाखाली होती. आठ महिने. तो कुबड्या घेऊन त्याच पलंगावर झोपत होता आणि खाली माझी भरलेली बॅग. आधी काय, लाजेपोटी राहिले. तुझ्यापासून काय लपवायचं, तू उद्या खिंडीपलीकडे जाशील. त्याच्या पायाचं बँडेज बदलायचे, उरलेलं एक बोट बघायचे, आणि वाटायचं, बोल ना रे, एकदा शिवी दे. नाही. ‘रोना, पाणी जरा कोमट कर’ — एवढंच. मग एक दिवस मला स्वेटर हवा होता, तो त्या बॅगेत होता, म्हणून उघडली. आणि काढता काढता सगळंच काढलं.

मग वरचं रान सुटलं, सास्किया आली, हे दुकान आलं. इनिस आता बसमधनं येणाऱ्या लोकांना गोष्ट सांगतो. आत्ताही तिकडेच गेलाय, शेजारच्या हॉलमध्ये. अठरा वर्षांत शेकडो वेळा सांगितली, आणि प्रत्येक वेळी ‘मी गुरुवारी येणार होतो’ हे वाक्य न चुकता येतं. मी मागे स्कोनच्या पावांचं ताट घेऊन उभी. लोक वळून माझ्याकडे बघतात, ‘किती धीराच्या तुम्ही!’ म्हणतात, जॅम मागतात. धीराची! मागच्या महिन्यात एका शाळेतली मुलं आली होती. पुढच्या रांगेतली एक छोटी, दात पडलेली, तिनं हात वर केला. ‘तुमच्या बायकोला काळजी नाही वाटली?’ सगळे हसले. इनिस नाही हसला. काठी खाली ठेवली, मला वाटलं आता सांगतो, आणि खरं सांगू, बरं वाटलं. पण तो म्हणाला, ‘मी तिला काळजी करायची सवयच लावली नव्हती. चूक माझी.’ एवढं लांब वाक्य त्यानं मेंढी सोडून दुसऱ्या कशाबद्दल पहिल्यांदा म्हटलं असेल. मी ताट ठेवलं आणि बाहेर जाऊन गाडीच्या चाकांत हवा आहे का ते बघत बसले. चारही चाकांत. दोनदा.

नाही, नंतरही नाही बोललो. काय विचारायचं त्यात? — असं बघू नकोस माझ्याकडे. मी बनियन विकते, मी काही कबुली द्यायला बसलेली नाही. मीडियम होईल तुला, अंगाला नीट लागलं पाहिजे, ढगळ घेऊ नकोस.

आणि थांब. कोणाला सांगून आलायस, खिंडीत जातोय म्हणून? आईला? नाही? मित्राला ‘बघू, जमलं तर’ म्हणालास? वा रे वा. ही वही घे. ही, गल्ल्याजवळची. नाव लिही, रस्ता लिही, पलीकडे पोचलास की या नंबरावर फोन करायचा तो दिवस लिही. नीट विचार कर आणि खरा दिवस लिही, कोणाला बरं वाटावं म्हणून नको. शुक्रवार? संध्याकाळी किती वाजता? सहा. ठीक. सहाला तुझा फोन आला नाही तर सहालाच मी रावीरीला फोन करीन. सहा वाजून पाचला नाही. तुला राग येवो, माझं हसं होवो.

सही कर. हां. आता नीघ, दुपारनंतर वर वारा सुटतो. — आभार कसले मानतोस, नीघ म्हटलं ना. आणि दार ओढून घे, बसमधली माणसं येतायत.