तहकूब सभेतला आठवा आंगठा

प्रियदर्शनी: एक आंगठाच तं मांगून राहिली, आजी! ग्रामसभा तिकडं शाळेत चालू हाये. चौऱ्याण्णव लोकं बसले. साडेअकरा वाजेलोक शंभर नाई भरले तं सभा तहकूब!

सुंदराबाई: अन् हजेरीचं रजिस्टर इथं काऊन आलं? सभा माह्या खाटीवर हाये काय?

प्रियदर्शनी: मोतीरामकाकानं देल्लं. पंचायतीचा शिपाई असून थेच म्हने, लवकर फिरवून आन. पाच घरून सह्या झाल्या. सहावी तू.

सुंदराबाई: वा वं वकीलीनबाई! अमरावतीच्या कॉलेजात हेच शिकवते काय?

प्रियदर्शनी: गुडघ्याचं ऑपरेशन झालं तुह्या, म्हनून आली मी घरी!

सुंदराबाई: गुडघ्याचं राहू दे. ठराव काय हाये, थे सांग.

प्रियदर्शनी: विधिमंडळानं कायदा बदलावा. तहकूब झालेल्या सभेलेही शंभर मानसं लागलेच पाहिजे. आज तशी अटच नाई. पहिली सभा मोडली का दुसरी आठ जनांतही चालते. आपली चराईची ई-क्लास जमीन अशीच गेली ना कंपनीले? आठ जनांत.

सुंदराबाई: सात होते.

प्रियदर्शनी: रजिस्टरमधे आठ हायेत. मी सोता पाह्यले.

सुंदराबाई: आठवी मी. याच खाटीवर बसली होती. मोतीराम म्हने, काकू, घरकुलाची यादी हाये, लावा आंगठा. म्या इचारलंबी नाई. सभेले जाऊन कोनाचं भलं झालं, म्हटलं, अन् लावला. पोळ्याले पाहाले गेली तं चराईले तारेचं कुंपन. तुह्या बापानं बकऱ्या विकल्या. म्या आजलोक कोनाले सांगतलं नाई, पोरी.

(प्रियदर्शनी रजिस्टर मिटते.)

प्रियदर्शनी: थे फसवनूक होती, आजी. हे आपल्या भल्याचं हाये.

सुंदराबाई: मोतीरामबी तवा भल्याचंच म्हने.

प्रियदर्शनी: मंग काय करू? सभा तहकूब झाली का सरपंच सोताचे आठ जन बसवतील, अन् आपला ठराव जाईल कचऱ्यात!

सुंदराबाई: थ्या पाच सह्या खोड. अन् पाचई जनाईले हाताले धरून सभेत ने.

प्रियदर्शनी: नाई येत ना थे! सरकार आपलं कवा आयकते, म्हनते. सही घे अन् जाय, म्हनते.

सुंदराबाई: मीबी हेच म्हनत होती. त्याईले सांग, सुंदराबाई निघाली म्हना, टाक्याच्या गुडघ्यानं. पाहू मंग कोन घरी बसते.

प्रियदर्शनी: डॉक्टर रागावतील, आजी.

सुंदराबाई: डॉक्टरनं चालू नको म्हटलं. सभेत बसू नको असं नाई म्हटलं. पिलास्टिकची खुर्ची काढ. एकाकडून तू धर, एकाकडून मोतीराम.

प्रियदर्शनी: मोतीरामकाका? त्याईलेच बोलावू?

सुंदराबाई: हाव, त्यालेच. रजिस्टर माह्या घरी आनता आलं त्याले. आता मले रजिस्टरापाशी न्याले सांग.