सगळे वाद संपले, ही बोलेना

…नाही, तुम्हीच सांगा, एक दिवस अबोला मी समजू शकतो, दोन दिवस समजू शकतो, चार दिवस झाले तर माणूस म्हणतो, चला, जिरवतेय आपली, घेऊ जिरवून. पण अकरा दिवस? अकरा दिवस बाई तोंडातून अवाक्षर काढत नाही? आणि भांडण नाही हो! भांडली असती, ताट आदळलं असतं, तर मी नाचलो असतो! चहा वेळेवर, रक्तदाबाची गोळी पेल्याशेजारी, घडी घातलेला रुमाल उशाशी… सगळं जागच्या जागी, फक्त आवाज तेवढा गेलेला!

तुम्हाला सांगतो, आमचा धंदा शिलाईचा. घराचीच पुढची खोली म्हणजे दुकान. मी मापं घेणार, कापणार, मशीन मारणार आणि ही, म्हणजे आमची बायको, खिडकीखालच्या स्टुलावर बसून हातानं काज करणार. त्रेचाळीस वर्षं! गिऱ्हाईक उभं राहिलं की मी टेप लावून ओरडायचं, "छाती अडतीस!" हिनं वहीत लिहायचं आणि तिकडून ओरडायचं, "अडतीस!" "बाही साडेतेवीस!" "साडेतेवीस!" तिचा आकडा परत आला की माझी कात्री मोकळी. आता आकडाच परत येईना! लिहिते हो, बरोबर लिहिते, पण परत येत नाही ना! मग माझ्या डोक्यात किडा, आपण अडतीस म्हणालो की अठ्ठेचाळीस? परत टेप, परत आरोळी, परत शांतता. एका पोस्टमनची छाती मी पाच वेळा मोजली. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, शर्ट शिवताय की गुदगुल्या करताय?"

आणि ही? ही काज करतेय!

आता तुम्ही विचारणार, पण तुम्ही केलंत काय? कसं आहे, मला लहानपणापासून खोड. चौथीत शाळेतून काढलं ते त्यापायीच… गुरुजींची खुर्ची, खळीचं भांडं… जाऊ दे, तो वेगळा विषय. पण खोडी केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. पँटचा एक पाय खालून शिवून बंद करायचा, गिऱ्हाइकाला घालून बघायला द्यायची आणि पडद्यामागची धडपड ऐकत बसायचं… आहाहा! तर त्या दुपारी ही बाजारातून यायची वेळ, आणि मला काय अवदसा आठवली, मी कापायच्या टेबलावर आडवा झालो. गळ्यात टेप, डोळे अर्धे उघडे, जीभ जराशी बाहेर. मेलो! ही आली. "अहो." मी गप्प. "अहो, उठा, टेबलावर काय झोपताय?" गप्प. मग पिशवी पडल्याचा आवाज. मग "अहो… अहो… अहो…" आणि मी मनात म्हणतोय, रंगू दे, अजून जरा रंगू दे! तिनं नाकाशी बोट धरलं, तसा ताडकन उठलो, "भॉक!"

शेजारचा सायकलवाला दारातून बघत होता, तो हसून हसून पंपावरच बसला. मी हसलो. ही नाही हसली. खाली घरंगळलेले बटाटे गोळा केले, स्टुलावर बसली, सुईत दोरा ओवला… आणि तेव्हापासून काज करतेय!

आता मी काय काय केलं नाही? माफी मागितली, कान पकडले, बटाटे सोलून दिले. मग आठवलं, अरे, आपली नात! कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, विषय मानसशास्त्र, पुस्तक असं की उशाला घेतलं तर मान मोडेल. म्हटलं, "ये बाई, आजीच्या मनात काय आहे ते ओळख." तर नात कपाळाला हात लावून, "आजोबा, सगळे हेच म्हणतात! मनातलं ओळखायला मी काय जादूगार आहे? मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास." म्हटलं, "मराठीत सांग." "माणूस काय करतो आणि त्याच्या डोक्यात काय चालतं, त्याचा अभ्यास." म्हटलं, "आजी काय करते ते दिसतंय मला! डोक्याचं बघ!"

तर म्हणे त्याला शाखा असतात. मुलं वाढतात कशी, त्याची शाखा वेगळी. कारखान्यातला माणूस कंटाळतो का, त्याची वेगळी. गर्दीत शहाणा माणूस येडा कसा होतो, त्याची वेगळी. मन आजारी पडलं तर त्याची वेगळी. मी विचारलं, "रुसलेल्या बायकोची?" "तशी नसते आजोबा." घ्या! एवढं मोठं दुकान आणि रोज लागणारा माल ठेवलेला नाही!

"पण संप्रदाय आहेत," ती म्हणाली. मनाकडे बघायचं कसं, ह्यावरून एकमेकांशी भांडलेली घराणी म्हणा ना. म्हटलं, एकेक काढ. बुडत्याला विचारायला वेळ नसतो हो काठी कुठल्या लाकडाची!

पहिला निघाला रचनावाद. मनाचे तुकडे करायचे, संवेदना किती, भावना किती, आणि ज्याचं मन त्यानंच आत डोकावून सांगायचं. आपण शिलाईवाले, उसवून बघणं आपल्याला कळतं! बसलो हिच्यासमोर. "डोळे मीट. आत बघ. काय जाणवतंय? गरम? गार? टोचतंय का?" पाऊण तास! मग डोक्यात प्रकाश पडला, अहो, सांगायला तिनं तोंड उघडायला नको का? नात म्हणते, "म्हणूनच तर तो मागे पडला. लहान मुलं, प्राणी, न बोलणारी माणसं, यांचं काय करायचं ते त्यांना जमेना." अगं कार्टे, मग आधी नाही सांगायचं?

दुसरा कार्यवाद. मन कशाचं बनलंय ते सोडा, ते कामाला काय येतं ते बघा. "आजोबा, ह्या अबोल्याचा आजीला उपयोग काय, ते शोधा." शोधायचं काय त्यात? माझा जीव घ्यायला उपयोग!

मग आला वर्तनवाद, आणि तुम्हाला सांगतो, हा मला आवडला. मनाबिनाचं नावच नको, दिसतं तेवढंच खरं. पेटीत उंदीर ठेवायचा, त्यानं दांडी दाबली की दाणा द्यायचा, की उंदीर दांडी दाबतच सुटतो. म्हटलं, हे आपलं काम! लिमलेटच्या गोळ्यांची पुडी आणली आणि बसलो दबा धरून. ही खोकली. दिली गोळी! शिंकली. दोन गोळ्या! संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर नऊ गोळ्या. तिनं त्या आलेल्या गिऱ्हाइकांना वाटून टाकल्या आणि दुसऱ्या दिवसापासून… खोकलाही बंद! शिंकही बंद! होता तो आवाजसुद्धा घालवला मी!

आणि ही? काज!

नात म्हणाली, मग मनोविश्लेषण. मन म्हणजे पाण्यातला बर्फाचा डोंगर, वर दिसतो तो एवढासा, खरा माल बुडालेला. माणसाला आडवं झोपवायचं, स्वप्नं विचारायची, बालपण विचारायचं. आता आडवं कुठं झोपवणार? आतल्या खोलीत कापडाचे गठ्ठे. मी आपलं कापायच्या टेबलावरचं सामान हटवलं, झटकलं आणि मोठ्या अदबीनं म्हणालो, "झोप इथं." तिनं टेबलाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. अहो, त्रेचाळीस वर्षांत तसं बघितलं नव्हतं हो तिनं… नात माझी बाही ओढत हळूच म्हणाली, "आजोबा, त्याच टेबलावर?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि पडला तो असा की मलाच जाऊन कुठंतरी लपावंसं वाटलं.

त्या दिवसापासून माझं हसू गेलं. गिऱ्हाइकाची पँट हातात, पाय शिवून बंद करायची चांगली संधी, आणि हात उठेना! पुढचा कुठलासा गेस्टाल्ट की काय, समष्टीवाद, तो म्हणतो तुकड्यांची बेरीज म्हणजे अख्खी वस्तू नव्हे. हे मला पुस्तकानं सांगायला हवं? बाही, कॉलर, पाठ, दोन पुढचे भाग टेबलावर मांडून ठेवा, घाला बघू अंगात! आमच्या घरात तेच तर झालं होतं. चहा होता, गोळी होती, रुमाल होता, बायको समोर होती… सगळे तुकडे होते, शर्ट नव्हता.

मग मानवतावाद. समोरच्याला विनाअट स्वीकारा, मनापासून ऐका. मी दिवसभर तिच्यासमोर बसून मान डोलावली. कशाला डोलावली? शांततेला! मग ते बोधात्मक की काय, आपल्याच विचारातली चूक पकडायची. नात वही घेऊन बसली. "आजोबा, मनात कुठला विचार येतो?" म्हटलं, "ही आता कधीच बोलणार नाही." "पुरावा काय?" "दहा दिवस!" तिनं पेन्सिल चावली. "पुरावा… जरा जास्तच आहे." आणि पुस्तक मिटलं. मागे नुसती सूची उरली होती.

अकराव्या दिवशी, तुम्हाला सांगतो, मी मशीन बंद केलं आणि हिच्या स्टुलाशी खाली फरशीवर बसलो. गुडघे वाजले. म्हटलं, "अगं, पुस्तक संपलं. मला नाही कळत. चौथीतून हाकललेला माणूस मी, मला तुझ्या डोक्यातलं काही कळत नाही. तू ओरड, मार, टाचण्यांचा डबा डोक्यात घाल. पण मी हाक मारतो आणि तिकडून काही येत नाही ना… भीती वाटते गं मला."

हिनं काज पुरं केलं. गाठ मारली. दोरा दातानं तोडला. आणि बोलली!

"त्या दुपारी मी तुम्हाला पोचवून आले होते."

मी गळ्यातला टेप काढून खाली ठेवला.

"मिनिटभरच लागलं. हवालदाराचा कोट अर्धा आहे तो कुणाकडून पुरा करून घ्यायचा, मशीन विकायचं की ठेवायचं, तुमचा चष्मा कुठल्या खणात ठेवायचा, ह्या खोलीत एकटीनं बसायचं कसं… सगळं ठरवून झालं होतं माझं. तुम्ही उठलात भॉक करून. पण मी परत यायला नको? एकदा पोचवलेलं माणूस घरी आणायला वेळ लागतो. अकरा दिवस लागले."

मी म्हटलं, "मग… आणलंस?"

म्हणाली, "दारापर्यंत आलंय. आत घ्यायचं बघते."

आता मला सांगा, हे कुठल्या वादात बसतं? नातीनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. नाही सापडलं. तिनं डोळे पुसले, ते पुस्तकाच्या पानालाच नाही पुसले एवढंच!

तर बोलते आता. पण विश्वास म्हणाल तर उडाला तो उडालाच. दुपारी खुर्चीत माझा डोळा लागला की चपला फटफटवत येते, टाचणी काढते आणि दंडात टुचुक! मी बोंबलतो. ती म्हणते, "आहात होय? काही नाही, खात्री केली," आणि अशी हसते, अशी हसते, की माझी जन्मभराची सगळी खोडसाळ विद्या तिच्यापुढे बालवाडी! रोज हो! एक दुपार चुकवत नाही. आणि आता तर पंचाईत अशी की टाचणी लांबच राहिली, नुसती चप्पल वाजली की मी खुर्चीत ओरडतो, "आई गं!" बाई अजून मागच्या दारात असते, हातात टाचणीबिचणी काही नसते, आणि मी इकडे दंड धरून बसलेला!

नात टाळ्या वाजवून नाचली. "आजोबा, ह्याच्यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे!"

मी हरखलो. म्हटलं, "माझ्यावर?"

"अगदी तुमच्यासारख्यावरच. फक्त तिथं चपलेच्या जागी घंटा, आणि तुमच्या जागी कुत्रा आहे."

म्हटलं, असू दे बाई. कुत्रा तर कुत्रा. आजी बोलते ना?