बोळका इंजिनवाला

आता मला सांगा, चालतं म्हणजे काय? पुस्तकाच्या पाठीवर छापलंय, नवी स्वतंत्र कादंबरी, आधीचं काही वाचलेलं नसलं तरी चालतं! अहो, पण ज्यानं आधीची सहाच्या सहा ऐकलीत त्याचं काय? हो, ऐकलीत. मी शिंपी माणूस, शाळा दुसरीतच सुटली. वाचायची ती आमची ही, दुकानात माझ्यासमोर स्टुलावर बसून. मशीन चाललं की गप्प, त्या खडखडाटात काय ऐकू येणार, आणि मी काज-बटणाला बसलो की हिचं सुरू... तारे काय, ताऱ्यांमधनं जाणारं ते जहाज काय, आणि त्यावरचा तो बोळका इंजिनवाला! तुम्हाला सांगतो, असा खडूस म्हातारा मी दुसरा पाहिला नाही. कप्तानाला तोंडावर म्हणायचा, "घाई असेल तर उतर आणि ढकल." आपला माणूस!

तिसऱ्या पुस्तकात जहाज पेटलं, हा आत अडकला. मी सुई खाली ठेवली. म्हटलं, हा मेला तर पुढचं वाचू नकोस. ही म्हणाली, "मरतोय कशाला? तुमच्यासारखाच चिवट आहे तो." आणि निघाला की बाहेर, भुवया तेवढ्या जळाल्या!

आता ही जाऊन दोन वर्षं झाली. दुकानात मशीन तेवढं बोलतं. त्यात हे सातवं आलं, घेतलं, बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसलो, खुणेला मापाची टेप. म्हटलं, बोळका तरी भेटेल. भेटला, एका ओळीत... 'त्या जुन्या आगीत मेलेल्या इंजिनवाल्याचं नाव गोदीला दिलं होतं.'

मेलेल्या? आधीचं वाचलेलं नसलं तरी चालतं म्हणून काय जित्या माणसाला मारायचं? गेलो तरातरा पुस्तकवाल्याकडे, म्हटलं छापणाऱ्याला कळव, चूक झालीय. त्यानं तिसरं पुस्तक काढलं, पान उघडून पुढ्यात धरलं. "आजोबा, हा इथंच गेला. पुढं नाहीच तो."

नाहीच कसा? चौथ्यात त्यानं कप्तानाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, पाचव्यात नवी कवळी इंजिनात पाडली, सहाव्यात तर... आणि परत येताना रस्त्यातच थांबलो. मशीन चालायचं तेव्हा ही गप्प, नजर पुस्तकात. मला वाटायचं पुढचं पान चाळतेय. चाळते कसली, रचत होती! तीन पुस्तकं जगवला बाईनं त्याला, माझ्या नाकासमोर, आणि मला पत्ता नाही.

आणि हे म्हणे, आधीचं वाचलेलं नसलं तरी चालतं.

चालवतोय आपला. आता मीच वाचतो, मोठ्यानं, समोरच्या स्टुलाला. ती मेल्याची ओळ गाळली आणि बोळक्याला घातला मधे. पण हिची हातोटी आणू कुठनं? अर्धं पुस्तक झालं, लढाई पेटलीय, जहाज बुडायला आलंय... आणि माझा इंजिनवाला अजून चहाच पितोय.