बाकावरचं नाव

मंडळी, शनिवारची कामं टाकून, एवढ्या बर्फातून ड्राइव्ह करून आलात. बसा ना, मागे खुर्च्या आहेत अजून. मला धड बोलता येईल की नाही, माहीत नाही. तीन आठवडे हॉस्पिटल, मग काकांकडे कोण कधी जेवणाचा डबा देणार त्याची यादी, मग फोन. फार दमलेय हो मी. कागदावर लिहून आणलं होतं, पण ते काही वाचणार नाही.

आपल्या शैलजाकाकू केळकर गेल्या. २००१ साली मी इथे ॲन आर्बरला शिकायला आले, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन. पहिल्याच थंडीत काकूंनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला, आणि वर बोलणीही ऐकवली. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला.

जेवण झालं की अल्बम निघायचा. इथे येण्याआधी काका-काकू अकरा वर्षं स्कॉटलंडमध्ये होते. काका ऑफिसला गेले की काकू बसने गावोगाव फिरायच्या, आणि बायकांच्या आठवणीसाठी जे काही उभारलंय त्याचे फोटो काढायच्या. एका सुईणीच्या नावाचा पाण्याचा नळ. मासे साफ करणाऱ्या बाईच्या नावाचं बाक. शाळेच्या भिंतीवर जुन्या बाईंच्या नावाची पाटी. त्या म्हणायच्या, चौकातले पुतळे सगळे पुरुषांचे, एक तर कुत्र्याचासुद्धा. बाई शोधायची तर वाकावं लागतं, शेवाळ खरवडावं लागतं.

आणि जुन्या कबरींच्या दगडांवर त्यांना एक गोष्ट सापडली होती. वर नवऱ्याचं नाव, खाली बायकोचं. पण तिचं नाव माहेरच्या आडनावासकट. जन्मभर संसार केला, तरी दगडावर ती स्वतःच्या नावाने. तो फोटो आला की काकू पान उलटायच्याच नाहीत.

कारण लग्नात काकूंचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवरा बोटाने नवीन नाव लिहितो ना, तसं. त्याआधी त्या गोदावरी फाटक होत्या. इथे किती जणांना माहीत होतं? मलाही त्यांनी पाच वर्षांनी सांगितलं. म्हणाल्या, "मी गेल्यावर कुणाला काही करावंसं वाटलं, तर नदीकाठी एक बाक ठेवा. त्यावर गोदावरी लिही. एवढं करशील ना?"

मी हो म्हटलं.

बाक ठरलं. त्यावरच्या पाटीचा मजकूर आपल्या कमिटीने मला लिहायला सांगितला. मी काय लिहिलं? शैलजा केळकर, प्रेमळ पत्नी आणि आई. मी लिहिलं, मंडळी, दुसऱ्या कुणी नाही. सगळ्यांचे ई-मेल आले, छान आहे, अप्रूव्ह. वाटलं, आता कोण काकांना विचारणार, कोण समजावून सांगणार. दमले होते. दमले होते म्हणून मी काकूंना दिलेला शब्द मोडला. मला त्याची लाज वाटते.

सोमवारी बाकाचा फॉर्म पार्क ऑफिसला द्यायचाय. आज सकाळी तो घेऊन काकांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. मग म्हणाले, तांदळात ते नाव मीच लिहिलं, माझ्या आईने सुचवलेलं. हिला आवडलंय का, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. मग पेन मागितलं. माझा मजकूर खोडला आणि लिहिलं, गोदावरी फाटक. बाकी काही नाही. पत्नी नाही, आई नाही.

फॉर्म परत देताना म्हणाले, "बेचाळीस वर्षांत या नावाने मी तिला एकदाही हाक मारली नाही गं."

मंडळी, आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहायचंय. पण त्याआधी, काका, तुम्ही एकदा ती हाक मारा.

सावकाश. आम्ही थांबतो.